गाडी गप्प झाली

ज्या गाडीला सायलेन्सर नाही तिच्यात पाढे शिकवता येत नाहीत, हे शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मला ते स्वतः शोधून काढावं लागलं, आणि या शोधाबद्दल जिल्हा परिषदेनं अजून माझा सत्कार केलेला नाही.

गाडी म्हणजे आमची पिकप. पेट्रोल महागलं त्या सुमारास माझा पुतण्या नाथाजी फौजेतून पेन्शनीत आला आणि येताना लष्करी लिलावातली एक जुनी पिकप घेऊन आला. मीही नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. माणूस निवृत्त झाला की त्याच्या फंडाचा वास पुतण्यांना थेट सरहद्दीवर येतो. मी भागीदार झालो. नाथाजीनं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. ते मूळ कुठल्या यंत्राचं होतं, हे त्यानं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते सुरू झालं की मला पिठाच्या गिरणीची आठवण यायची, एवढंच सांगतो.

दिवसभर गाडी गुळाच्या ढेपा आणि खताची पोती वाहायची. सकाळी मात्र ती माझी. भागीदारीत माझी एकच अट होती: मळ्यांतली आणि वस्त्यांवरची पोरं तिच्यातून कडेगावच्या शाळेत न्यायची, फुकट, आणि वाटेत मी मागं पोरांत बसून पाढे घ्यायचे. त्या साली या वस्त्यांवरची पोरं सातवीच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला पहिल्यांदाच बसणार होती. आजवर तिथून कुणी गेलंच नव्हतं. परीक्षा विट्याला, आणि तिथवर वेळेत नेणारी एसटी त्या बाजूला नव्हतीच. मी शब्द देऊन बसलो होतो, "तुम्हाला मी माझ्या गाडीतून नेणार." मास्तरनं पोरांना दिलेला शब्द फार वाईट. मोठी माणसं विसरतात, पोरं विसरत नाहीत.

अडचण अशी, की पिकपचा सायलेन्सर लष्करानं लिलावाआधीच आठवण म्हणून ठेवून घेतला असावा. इंजिनातून निघालेली नळी फळीखालीच संपायची. त्यामुळे धूर थेट पोरांत आणि आवाज थेट पंचक्रोशीत. पोरं 'तेर साते' म्हणून तोंड उघडायची आणि मिटायची. मधे एक्याण्णव म्हणाली की आणखी काही, ते इंजिनालाच ठाऊक. काही चलाख पोरं नुसतेच ओठ हलवतात, हे मला एकदा गाडी अचानक बंद पडल्यावर कळलं. शाळेत उतरताना तोंडं अशी काळी झालेली असत, की हजेरी घेणारे मास्तर रोज नव्यानं ओळख करून घेत.

मी गावात नुसतं म्हणालो, "गाडीला सायलेन्सर बसवावा म्हणतो." त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर सल्ल्यांचा बाजार भरला. त्यात अग्रभागी आमचे शेजारी आप्पासो. ऊस भरपूर, वेळ त्याहून भरपूर.

"गुरुजी, माझं ऐका," ते म्हणाले. "गुऱ्हाळाला कशी चिमणी असती? तशी उभी लावा. धूर देवाच्या घरी."

"आणि आवाज, आप्पासो?"

"आवाज बी देवाच्या घरी. त्यो बघंल काय करायचं त्ये."

नाथाजीचा मार्ग फौजी होता. "तात्या, फिकर नॉट. आमच्या युनिटमधी डब्यावर सगळं भागायचं." त्यानं गोड्या तेलाचा रिकामा डबा घेतला, त्याला भोकं पाडली, आत काथ्या ठासला आणि तारेनं नळीला बांधला. ओढ्यापर्यंत गाडी खरोखर शांत गेली. मी आनंदानं सतराचा पाढा धरला. 'सतरा चोक अडुसष्ट' इथं काथ्या पेटला. 'सतरा पाचे'ला डबा सुटला आणि जळत जळत आमच्या मागून उतारानं धावत आला. पोरांनी पंच्याऐंशी म्हणण्याऐवजी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात एवढ्या आवडीनं माझा तास कुणी ऐकला नव्हता.

मग विट्याला आरटीओचा पासिंगचा कॅम्प आला. साहेब तरुण होते, इस्त्रीचे होते. ते काहीतरी बोलले. मी म्हणालो, "काय?" ते पुन्हा बोलले. मी पुन्हा म्हणालो, "काय?" शेवटी त्यांनी माझ्या कानाला तोंड लावून ओरडून सांगितलं, "गाडी बंद करा!"

मीही त्यांच्या कानात ओरडलो, "बंद केली तर सुरू होत नाही, साहेब!"

ज्या माणसानं हयातभर पोरांना 'ओरडू नका' म्हणून सांगितलं, तो भर चौकात सरकारी अधिकाऱ्याच्या कानात ओरडत होता आणि लोक जमले होते. त्यात माझे जुने विद्यार्थी किती होते, ते मोजायचं मी टाळलं. साहेबांनी निकाल दिला: सायलेन्सर बसवा आणि पुढच्या कॅम्पला दाखवा, तोवर या धुरात पोरं बसवलेली दिसली तर गाडी जमा.

परीक्षा तर पुढच्याच रविवारी होती.

नाथाजीचा फौजेतला एक जोडीदार कोयनानगरला भंगाराचा धंदा करायचा. त्याच्याकडं धरणाच्या कामावरच्या जुन्या डंपरचा सायलेन्सर होता. आम्ही कऱ्हाड, पाटण करत निघालो. पाटणच्या पुढं रस्ता डोंगरात शिरला तसा आमचा आवाज डोंगरांवर आपटून दुप्पट व्हायला लागला. कोयनानगरच्या वसाहतीत शिरलो तर घराघरातून माणसं बाहेर पळत होती. कुणाच्या काखेत पोर, कुणाच्या हातात देव्हाऱ्यातला देव, एकाच्या अर्ध्या गालाला साबण. सगळी मैदानात गोळा झाली. आम्हीही घाबरून गाडी थांबवली आणि मैदानात पळालो. इंजिन बंद झालं तशी गुरगुर थांबली. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग सावकाश सगळ्यांच्या माना आमच्या पिकपकडं वळल्या.

एक म्हातारी पुढं आली. तिनं माझी टोपी बघितली, चष्मा बघितला.

"आवं, तुमी तर शिकल्यालं दिसताय," ती म्हणाली. "त्या भूकंपापासनं आमी भांडं भांड्यावर ठिवत न्हाई. आन तुमी ह्ये घिऊन आमच्या दारात येताय व्हय?"

मी हात जोडले. तिला बहुधा माझ्या तोंडाकडं बघून दया आली, कारण नंतर तिनंच चहा पाजला. जाताना गाडीत टाकलेला सायलेन्सर बघून मात्र बजावलं, "ह्यो डबा बसवूनच इकडं फिरका. न्हाई तर चालत या."

तो सायलेन्सर केवढा! कोकराच्या पाठीवर म्हशीची झूल टाकावी तसा तो आमच्या पिकपखाली दिसत होता. शनिवारी आम्ही तो कऱ्हाडला केरबा वेल्डरकडं नेला. बरोबर आप्पासो आलेच. सल्ला देणारा माणूस सल्ला मोडताना बघायलाही हजर असतो. केरबा गुऱ्हाळांच्या चिमण्या करायचा आणि स्वतःवर फार खूश होता.

"गुरुजी, म्या बांधल्याल्या सायलेन्सरचा आवाज अजून कुणी ऐकल्याला न्हाई," तो म्हणाला. "बसवलाय का न्हाई ह्येच कळत न्हाई लोकांस्नी."

नळीला वळण द्यायचं होतं. पोकळ नळी तशीच तापवून वाकवली तर चिरडते, म्हणून केरबानं तिच्यात वाळू ठासून भरली, तोंडं बंद केली आणि भट्टीत लाल करून अशी सुरेख वाकवली, की मला शाळेतल्या फळ्यावरचं माझं 'ळ' आठवलं. ही युक्ती मी पुढं पुष्कळ पोरांना शिकवली. फक्त एक पायरी जास्त सांगतो: वाकवून झाल्यावर वाळू सगळी काढायची.

पट्ट्यांचं माप जुळेना, म्हणून केरबानं सायलेन्सर सगळीकडून वेल्डिंग करून टाकला. "आता ह्यो जन्मात निघायचा न्हाई," त्यानं ठणकावून सांगितलं.

नाथाजी गाडीत बसला. आप्पासो नेमके नळीच्या मागं उभे होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरा फेटा, आणि हात लांब करून केरबाला सांगत होते, "अजून बी सांगतो, उभी चिमणी..."

नाथाजीनं गाडी सुरू केली.

आधी एक ढेकर आला. मग कऱ्हाडच्या नदीतली वाळू आणि डंपरमधली काजळी एकदमच बाहेर पडली. धुरळा बसला तेव्हा आप्पासो होते तिथंच, हात तसाच लांब करून उभे होते. पांढरे म्हणावेत असे फक्त डोळे उरले होते.

"आप्पासो, लागलं का?" मी विचारलं.

"ही गाडी," ते शांतपणे म्हणाले, "माझ्या दारावरनं न्यायची न्हाई."

पण वाळू गेल्यावर! काय सांगू! इंजिन चालू आहे हे हात लावून बघावं लागत होतं. मांजर झोपेत घुरघुरावं तसा आवाज. केरबानं आमच्याकडं असं बघितलं, जणू ताजमहाल त्यानंच बांधला होता. परतीच्या वाटेवर मात्र एक गंमत कळली. सायलेन्सर नव्हता तोवर गाडीत एकच दोष होता. सायलेन्सर बसला आणि बाकीचे सगळे ऐकू यायला लागले. दार खडखडत होतं, फळ्या किरकिरत होत्या, आणि आप्पासो मागं बसून स्वतःशी बोलत होते. नाथाजीनं हॉर्न दाबला, तर हॉर्न वाजला नाही. तो कधीपासून बंद होता, कुणाला ठाऊक! आजवर त्याची गरजच पडली नव्हती.

संध्याकाळी आप्पासोंना त्यांच्या दारात उतरवलं. घरात कुणाला पत्ता नाही. माझ्या घरी पोचलो तर शालूबाई, म्हणजे आमची मंडळी, दारात दचकल्या. "आवं! तुमी कवा आलात?" चहा टाकलेला नव्हता. रोज गाडी वेशीत आली की त्या आधण ठेवत. मी चपला काढेपर्यंत चहा तयार. ही खरं तर धोक्याची सूचना होती. मी ती चहाची तक्रार समजून सोडून दिली.

रविवार उजाडला. स्वच्छ कोट, स्वच्छ टोपी. मी नाथाजीशेजारी पुढं बसलो, कारण आज पाढे घ्यायचे नव्हते, आज पोरांची मनं शांत ठेवायची होती. शांततेत आम्ही राहीबाईच्या मळ्यावर पोचलो. बांधावर रोज दप्तरं घेऊन उभी असणारी पोरं आज नव्हती.

आम्ही थांबलो. कोणी येईना. परीक्षेला भ्याली? की आयांनी ऐन वेळी खुरपायला नेली? मी तरातरा मळ्यात गेलो. राहीबाई निवांत भाकरी थापत होत्या. त्यांचा पोरगा अंघोळीला बसला होता, साबणानं माखलेला, गाणं म्हणत.

"राहीबाई! परीक्षा आहे आज!"

"व्हय की गुरुजी. गाडी आली की लावून देते."

"गाडी दारात उभी आहे!"

राहीबाईंनी कान दिला. मग माझ्याकडं असं बघितलं, जसं खोटं बोलणाऱ्या पोराकडं मी बघत आलो. "कुठं? आवाज न्हाई त्यो! गाडी गावातनं हालली की मी तवा टाकते. वड्यात आली की पोरगं अंघोळीला. चढाला लागली की दप्तर. रोजचं हाय ह्ये. आज वाजलीच न्हाई, म्हणून सगळं अदमासानं चाललंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गाडीचा तो भयंकर आवाज म्हणजे या सगळ्या वस्त्यांचं घड्याळ होतं. मी पंचक्रोशीचं घड्याळ बंद पाडलं होतं, आणि तेही परीक्षेच्या दिवशी.

त्या मळ्यातली पोरं ओल्या डोक्यानं, हातात भाकरी घेऊन गाडीत चढली. पुढच्या वस्त्यांवर हीच कथा होणार. प्रत्येक बांधावर उतरून घर गाठत बसलो असतो, तर विट्याला अकराची घंटा आमच्याशिवाय झाली असती. नाथाजी पाना घेऊन गाडीखाली शिरला. "तात्या, काढूनच टाकतो." लगेच हात झाडत बाहेर आला. केरबाचं वेल्डिंग जन्मात निघणारं नव्हतं. तेवढं एक तो खरं बोलला होता.

तसेच निघालो, आणि खिंडीत अडकलो. खिंडीत हरिबाची मेंढरं. हरिबा पलीकडच्या धनगरवाड्यातला. त्याची हरणा माझ्या परीक्षेच्या पोरांतली सगळ्यांत हुशार. रोज आमची गाडी ओढ्यात असतानाच ही मेंढरं रस्ता सोडायची. आज गाडी त्यांच्या शेपटीला टेकली तरी एकानंही मान वर केली नाही. हॉर्न मुका. नाथाजीनं हिंदीतून हुकूम सोडले. मेंढरं फौजेतली नव्हती.

"हरिबा!" मी ओरडलो. "बाजूला घे! आणि हरणा कुठं आहे?"

"घरात हाय की, गाडीची वाट बघत बसलीया," हरिबा लांबून म्हणाला. मग त्यानं गाडी पाहिली. "आवं, गाडी बंद पडली व्हय? ढकलताय?"

"बंद नाही, चालू आहे!"

"मग आवाज करा की गुरुजी! आवाजाबिगर माझी मेंढरं देवाला बी वाट द्यायची न्हाईत."

आवाज कुठून आणणार? मी मागं वळून बघितलं. मागं पोरं बसली होती. भाकरी संपवलेली, ओली, घाबरलेली, आणि सवयीनं, भीतीपोटी, हळूहळू पुटपुटत होती: "एकोणतीस एके एकोणतीस..."

मी कोट सावरून मागं चढलो. "उभे राहा," मी म्हणालो. "आणि आता असे म्हणा, की पार विट्याला ऐकू गेलं पाहिजे."

"एकोणतीस एके एकोणतीस!"

पहिलं मेंढरू दचकलं.

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!"

कळप हलला. "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी" ला खिंड मोकळी झाली, आणि पोरांच्या लक्षात आलं की आज ओरडायला गुरुजींचीच परवानगी आहे. असं भाग्य शाळेत जन्मात मिळत नाही. मग त्यांना थांबवणं माझ्या हातात राहिलं नाही. डोंगराला पाढा आपटला की दुप्पट होऊन परत यायचा. धनगरवाड्यात पोचलो, तर माणसं मिरवणूक कुणाची म्हणून बाहेर आली होती आणि हरणा एक वेणी घातलेली, एक सुटलेली, दप्तर काखेत घेऊन धावत येत होती. धावता धावताच तिनं पाढा पकडला. पुढच्या वस्तीची पोरं तर आम्ही पोचायच्या आधीच बांधावर उभी! एकेका वस्तीला आवाज वाढत गेला. इंजिनानं एवढा आवाज कधी केला नव्हता, आणि इंजिनाला एकोणतीसचा पाढा येतही नव्हता.

कडेगावातून आम्ही बाविसाच्या पाढ्यानं गेलो. पानपट्टीवरची माणसं उठून उभी राहिली. विट्याच्या केंद्रावर घंटेला थोडा वेळ उरला असताना चोविसाच्या पाढ्यासह दाखल झालो. केंद्रप्रमुख ओठांवर बोट ठेवून धावत आले. माझे जुने स्नेही.

"गुरुजी, हळू! परीक्षा केंद्र आहे हे!" मग गाडीकडं बघून म्हणाले, "आणि तुम्ही सायलेन्सर बसवला असं ऐकलं होतं."

"बसवलाय," मी ताठ मानेनं म्हणालो. "गाडीला बसवलाय. पोरांना नाही."

सगळी पोरं वेळेत बाकावर बसली. एकही राहिलं नाही. निकालात हरणाला शिष्यवृत्ती लागली. राहीबाईच्या पोराला नाही लागली. पण अंकगणितात त्यानं विट्याच्या पोरांना मागं टाकलं. राहीबाईंनी ती गुणपत्रिका मला न वाचता, नुसती उलटसुलट करून अभिमानानं दाखवली.

पुढच्या कॅम्पला साहेबांनी सायलेन्सर पाहिला, खूश झाले आणि विचारलं, "हॉर्न?" मग नाथाजीनं नवा हॉर्न बसवला. लहान पोर रडावं तसा वाजायचा. वस्त्यांवर त्याला कुणी दाद दिली नाही. राहीबाई म्हणाल्या, "हारन काय, कुणाचा बी वाजतो. पोरं म्हणाया लागली की मंग कळतं, आपली गाडी." त्यामुळे रोजची फेरी पाढ्यांवरच चालायची: तेरा ऐकू आले की तवा, एकोणीस आले की अंघोळ, एकोणतीस आले की दप्तर. आप्पासोंनीही शेवटी दारावरून जायला परवानगी दिली, पण पाढा चालू असेल तरच. म्हणजे त्यांना वेळेवर आत जाता यायचं.

जूनमध्ये हरणा साताऱ्याला बोर्डिंगात शिकायला गेली. तिला एसटीत बसवून मी आणि नाथाजी रिकाम्या गाडीनं परतत होतो. खिंडीत हरिबाची मेंढरं आडवी. हॉर्न रडला. मेंढरं ढिम्म. हरिबा काठीला टेकून उभा होता. डोळे पुसत होता, आणि आम्ही बघू नये म्हणून दुसरीकडं बघत होता.

"पोरं न्हाईत गाडीत," तो म्हणाला. "आता कोण म्हणायचं? माझी मेंढरं ह्या हारनचं ऐकत न्हाईत. तुमीच म्हणा, गुरुजी. एकोणतीसच म्हणा, तेराला नुसती मान वर करत्यात."

मी खाली उतरलो. टोपी सारखी केली, कोटाची बटणं लावली, आणि भर रस्त्यात मेंढरांपुढं उभं राहून खणखणीत आवाजात एकोणतीसचा पाढा म्हटला. एके, दुणे, त्रिक. मेंढरांनी मान वर केली, एकमेकांकडं बघितलं आणि दोन्ही बाजूंना होऊन मला वाट करून दिली. सगळ्या नोकरीत कुठल्याही तपासनिसानं माझ्या पाढ्याचा इतका मान ठेवला नव्हता. पण मेंढरं बाजूला झाली म्हणून मी थांबलो नाही. अर्धा पाढा सोडायची मला सवय नाही. दाहे दोनशे नव्वदपर्यंत पुरा म्हटला, आणि शेवटी शेवटी हरिबाही माझ्याबरोबर म्हणत होता. त्याला तो कुठून येत होता, हे मी विचारलं नाही. हरणा वर्षभर रोज सकाळी तो त्याच्याच घरात घोकत होती.